कुंडीतल्या जास्वंदीची पानं पिवळी पडतायत: तीन कुंड्या, तीन वेगळी कारणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या वडगावात टेरेसवर तीन कुंड्यांत जास्वंद आहे, एक आपली देशी लाल, एक केशरी हायब्रीड आणि एक गुलाबी डबल पाकळ्यांची. नोव्हेंबरात आणली तेव्हा झाडं मस्त होती, आता तिन्हींची पानं पिवळी पडून गळतायत, गुलाबीला पांढरं कापसासारखं काहीतरी लागलंय. पाणी सकाळ-संध्याकाळ घालतात, पाणी बोअरचं. खत म्हणून दर 15 दिवसांनी मूठभर डीएपी. देशी लाल झाडाला बैलहोंगलकडनं सासऱ्यांच्या शेतातली माती आणून घातलीय. आणि गणपतीला फुलं पाहिजेत.

दादा, सगळं नीट लिहिलंत म्हणून आधी आभार, कारण रोज मला फक्त "मावशी, पानं पिवळी पडूलाल्यात, काय मारू?" एवढंच विचारतात आणि मग मलाच वीस प्रश्न विचारायला लागतात. कन्नड बायका येतात त्यांचंही तेच, "दासवाळद एलि हळदि आग्यावरी". म्हणजे भाषा दोन पण रडगाणं एकच, आणि दोघींनाही बाटलीतलं औषध पाहिजे असतं. मी गेली बावीस वर्षं जास्वंद लावतेय, विकतेय आणि मारतेयसुद्धा (होय, मारतेयसुद्धा, ते पुढं सांगते), त्यावरनं एक सांगते की पिवळं पान हा रोग नाही, ती तक्रार आहे आणि कुठलं पान पिवळं पडलंय त्यावरनं तक्रार कशाची ते कळतं. तुमच्या तीन कुंड्यांच्या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तुम्ही तिघींना एकच औषध पाजताय, डीएपी.

आधी ते डीएपी बंद करा, आजच. त्यात 18 टक्के नत्र (नायट्रोजन) आणि 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतं. शेतात पेरताना ठीक आहे, पण जास्वंदीला स्फुरद फार कमी लागतं आणि कुंडीतनं ते सहज वाहूनही जात नाही, साठत जातं. साठलेलं स्फुरद लोह आणि जस्त मुळांना नीट घेऊ देत नाही, म्हणजे तुम्ही खत घालून झाडाची उपासमार करताय. मी सुरुवातीला हेच केलं होतं. एक पिवळी हायब्रीड होती, मधे लाल डोळा असलेली, तेव्हा तसली इकडं कुणाकडं नव्हती. फुलं जास्त यावीत म्हणून दोन मुठी डीएपी बुंध्यालगत टाकलं, चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मी अजून पाणी घातलं आणि तीन आठवड्यांत काठी राहिली. एवढं भारी झाड माझ्याच हातनं गेलं.

आता देशी लालची कुंडी. तुम्ही लिहिलंय की शेंड्याची कोवळी पानं पिवळी आहेत पण शिरा हिरव्या, जाळीसारख्या दिसतात. हे लोहाच्या कमतरतेचं अगदी पुस्तकातलं लक्षण आहे. लोह झाडाच्या आत हलत नाही, जुन्या पानातलं काढून नव्याला देता येत नाही, म्हणून नवं पान आधी पिवळं पडतं. नत्र हलतं, म्हणून नत्र कमी पडलं तर उलटं होतं, खालची जुनी पानं सरसकट पिवळी होतात आणि शेंडा हिरवा राहतो. मॅग्नेशियमचंही तसंच, जुनी पानं, पण शिरांच्या मधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या. एवढे तीन फरक ध्यानात ठेवले तरी निम्मी औषधं विकत घ्यायला लागत नाहीत.

पण लोह कमी आहे म्हणजे मातीत लोह नाही असं नव्हे, आणि इथंच लोक फसतात, कुंडीत गंजके खिळे पुरतात. अहो खिळा वर्षभर तसाच राहील. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी साइडची काळी माती कापसाला, ज्वारीला सोनं आहे पण तिच्यात चुना असतो, पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, आठच्या आसपास किंवा वर जातो आणि त्या पीएचला लोह मातीत असूनही विरघळत नाही. जास्वंदीला पीएच 6 ते 6.8 मधे बरं वाटतं. वर तुमचं बोअरचं पाणी, जड पाणी, कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरलीय म्हणालात ना, तो तोच चुना. म्हणजे माती चुन्याची, पाणी चुन्याचं आणि वरनं स्फुरदाचा मारा. त्यात काळी माती कुंडीत पाणी धरून बसते आणि वाळली की भेगा पडून कडेनं सुटते, मग घातलेलं पाणी कडेनंच खाली जातं. सासऱ्यांना वाईट वाटू देऊ नका पण ती माती तिथंच चांगली.

आपल्याकडं नशीब म्हणजे पश्चिमेला गेलं की खानापूर, जांबोटी साइडची लाल जांभ्याची माती मिळते, थोडी आम्ल, निचऱ्याची, जास्वंदीला अगदी पाहिजे तशी. मी मिश्रण करते ते असं, चार घमेली लाल माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भाताचं तूस नाहीतर कोकोपीट आणि एक घमेलं जाड वाळू. वर कुंडीमागं एक मूठ निंबोळी पेंड. तूस इकडं राइस मिलवर पोत्यानं मिळतं, स्वस्त, आणि माती भुसभुशीत ठेवतं. फक्त कच्चं तूस घ्या, जळलेली राख नको, राखेनं पीएच अजून चढतो. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख काहीजण फुकट मिळते म्हणून घालतात, तीपण जास्वंदीला नको. मळी म्हणजे प्रेसमड चालतं पण सहा महिने तरी कुजलेलं, ताजं घातलं तर कुंडी गरम होते.

कुंडीतनं गड्डा काढा, बाहेरची काळी माती हातानं तिसरा हिस्सा तरी झाडून टाका, सगळी मुळं उघडी करायची गरज नाही, आणि नव्या मिश्रणात लावा. कुंडीच्या तळाला विटांच्या तुकड्यांचा थर देऊ नका, सगळे देतात, पण त्यानं निचरा वाढत नाही, उलट ओली माती थरावर अडून मुळांच्या जास्त जवळ राहते. भोकावर एक खापरी बास. मग लोह. दुकानात चिलेटेड लोह मागा, म्हणजे मातीत लगेच बांधलं जाऊ नये असं केलेलं, आणि त्यातही ईडीडीएचए लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या, कारण साधं ईडीटीएवालं चुन्याच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचएचे दाणे काळपट लाल असतात, पाण्यात टाकलं की आमसुलाच्या सारासारखा रंग येतो. एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, मोठ्या कुंडीला तेवढं पुरे, मातीत द्यायचं, महिन्यानं परत एकदा. ईडीटीएवालंच मिळालं तर अर्धा ग्रॅम लिटरला करून संध्याकाळी पानांवर फवारा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त पडतो पण चुनखडीच्या मातीत घातला की काही दिवसांत बांधला जातो आणि पानावर जरा जास्त झाला तर काळे डाग पडतात, म्हणून नवख्यानं नकोच.

पाण्याचं म्हणाल तर आता पाऊस सुरू झालाच आहे, पत्र्यावरनं पडणारं पाणी पिंपात धरा आणि तेच घाला, पावसाच्या पाण्यासारखं जास्वंदीला दुसरं औषध नाही. उन्हाळ्यात बोअरशिवाय इलाज नसेल तर 5 लिटरला पाव चमचा लिंबूसत्त्व, आठवड्यातनं एकदा. ताक घालतात काही बायका. ताकात मीठ नसेल आणि पाण्यासारखं पातळ असेल तर झाड मरत नाही एवढंच, पण मुंग्या आणि वास येतो. अंड्याची टरफलं तुमच्या कुंडीत अजिबात नकोत, चुना काय कमी आहे का तिथं.

आता केशरी हायब्रीड. हिची खालची जुनी पानं पिवळी, गळतायत, आणि नवी पानं बारकी, शेंडा मलूल. तुम्ही म्हणताय दोन वेळ पाणी घालतो तरी दुपारी माना टाकते. मला वाटतं ही झाडं तुम्ही रस्त्याकडेच्या नर्सरीतनं घेतली असणार आणि ती तिथली नव्हेतच. आपल्याकडं येणारी बरीच हायब्रीड आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून ती चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा ओला असतो तोवर ठीक, एकदा वाळला की विटेसारखा होतो. तुम्ही नोव्हेंबरात तो गोळा तसाच कुंडीत ठेवला, भोवती भुसभुशीत माती भरली, आता पाणी घातलं की भुसभुशीत मातीतनं खाली जातं, आतला गोळा कोरडाच. बाहेरच्या मातीत जी थोडी मुळं आली ती दोन वेळच्या पाण्यानं कुजतायत आणि आतली तहानेनं मरतायत. एकाच कुंडीत पूर आणि दुष्काळ.

खरंखोटं बघायला बुंध्यालगत एक पातळ काठी नाहीतर जुना स्क्रूड्रायव्हर खुपसा, चार बोटांवर टणक लागलं तर गोळाच आहे. कुंडीतनं काढा, बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग पाण्यातच बोटांनी हळूहळू चिकणमाती सोडवा. निम्मी निघाली तरी बास, जाड मुळं ओढू नका. काळी, बोटात धरली की साल निसटणारी मुळं कुजलेली, ती कापा. पांढरट किंवा तांबूस कडक असतील ती चांगली. गोल गोल फिरलेली मुळं असतील तर दोन-तीन ठिकाणी छाटा. मुळं कमी झाली की वरचा पसाराही तिसरा हिस्सा कमी करा, म्हणजे पाणी ओढणारे आणि उडवणारे यांचा मेळ बसतो. आठ दिवस सावलीत ठेवा, खत काही नको, नवी फूट दिसेपर्यंत एक कणपण नको. जूनच्या पहिल्या पावसात हे काम करायला सगळ्यात बरं, हवा दमट असते, झाड सावरतं. मेमधे केलं असतंत तर मी नको म्हटलं असतं.

पाणी किती घालू ह्याचं उत्तर लिटरमधे देणारा माणूस झाड लावणारा नव्हे. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर नाही घालायचं, कोरडं लागलं तर खालच्या भोकातनं वाहीपर्यंत घालायचं, अर्धवट शिंपडायचं नाही. एप्रिल-मेत टेरेसवर रोज लागेल, कधी दोनदाही लागेल, जुलैत पंधरा दिवस एकदाही नाही लागणार. इकडं जुलै म्हणजे आठ-आठ दिवस ऊन नाही, त्यामुळं कुंडीखालच्या ताटल्या आत्ताच काढून ठेवा आणि कुंड्या दोन विटांवर ठेवा म्हणजे भोक मोकळं राहतं. पावसाळ्यात दहा-पंधरा खालची पानं पिवळी होऊन गळली तर घाबरायचं नाही, सूर्य नाही तर झाड पानं पोसणार कशी. डिसेंबर-जानेवारीतही तसंच, आपलं गाव अडीच हजार फुटांवर, रात्री 14 अंशांच्या आसपास उतरतं, जास्वंद थंडीत झोपते, तेव्हा खत आणि पाणी दोन्ही कमी. कोकणातल्या बहिणीचं झाड तेव्हा फुलतंय म्हणून आपल्याला घाई नको.

आता गुलाबी डबल, आणि हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्या दोघी वाट बघतील, ही नाही बघणार. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग. शेंडे आखडून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेत म्हणालात ना, ते त्याच्या लाळेमुळं, पानाचा रस ओढताना लाळ सोडतो तिनं पान वाढायचं थांबून चुरगळतं. जास्वंद ही भेंडी, कापूस, अंबाडी यांच्याच घराण्यातली, म्हणून त्यांच्यावरची सगळी पाहुणी मंडळी हिच्याकडंही येतात. पिठ्यासोबत मावा, पांढरी माशी, फुलकिडे, सगळे. मिलीबगच्या एका मादीच्या कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात आणि ती पिशवी मेणचट असते, औषध आत जात नाही. म्हणून एकदा फवारून गेला म्हणणारे आठ दिवसांनी परत येतात.

सगळ्यात आधी कात्री. चुरगळलेले शेंडे दोन इंच खालपर्यंत कापा, ते परत सरळ होणार नाहीत, आणि कापलेलं प्लास्टिक पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमधे नको, बाजूला ठेवून चहा प्यायला जाऊ नका, तेवढ्यात पिल्लं चालत दुसऱ्या कुंडीत जातात. कुंडी बाकीच्या दोघींपासनं लांब ठेवा. मग पाइपला बोट लावून जोराची धार, पानांच्या खालच्या बाजूला आणि फांद्यांच्या बेचक्यात. उरलेल्याला टूथब्रश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारा, एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली नीमतेल आणि 2 मिली लिक्विड साबण, आधी साबण पाण्यात मिसळायचा मग तेल, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पान जळतं. उन्हात मारलं तरी जळतं. दर सहा दिवसांनी, तीनदा, न चुकता. दिसत नसले तरी तिसरा मारायचाच, कारण तेव्हा अंड्यातली पिल्लं बाहेर आलेली असतात आणि अंगावर मेण नसतं. सतत पाऊस असेल तेव्हा नीमतेल धुऊन जातं, त्या दिवसांत व्हर्टिसिलियम नावाचं किडी मारणाऱ्या बुरशीचं औषध मिळतं ते, 5 ग्रॅम लिटरला, उघडीप बघून संध्याकाळी मारा, दमट हवेत ते चांगलं चालतं.

आणि मुंग्या. झाडावर मुंग्यांची रांग आहे का ते तुम्ही लिहिलं नाही पण असणारच. पिठ्या आणि मावा गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात किडीची राखण करतात, दुसऱ्या फांदीवरही नेऊन सोडतात. गवळी-म्हशीसारखं आहे ते. मुंग्या राहिल्या तर तुमची तीन फवारणं पाण्यात. लोखंडी स्टँड असेल तर पायांना ग्रीस लावा, नाहीतर पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि वर दोन थेंब तेल टाका, डासांसाठी. पानांवर काळी काजळी दिसली तर ती त्याच चिकट्यावरची बुरशी, तिला वेगळं औषध नको, ओल्या फडक्यानं पुसा. दुधानं पुसू नका, कुणीतरी व्हिडिओत सांगितलंय तेव्हापासनं लोक पानांना दूध लावतायत.

एक गोष्ट मात्र आवर्जून. त्या कापसात थोडी मोठी, लोंबत्या पांढऱ्या झालरींची आणि भराभर चालणारी एखादी अळी दिसली तर मारू नका. मिलीबग सुस्त असतो, ही पळते. ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंग्याची अळी, मिलीबगच खाते. हा भुंगा ऑस्ट्रेलियातनं 1898 साली भारतात आणला गेला. मी पहिली दोन वर्षं ह्यांना मोठा मिलीबग समजून चिरडत होते, आपल्याच पोलिसाला चोर म्हणून धरलं म्हणा ना.

निपाणीकडची माणसं तंबाखूचा चुरा भिजवून फवारतात, किडी मरतात हे खरं, पण निकोटीन आपल्यालाही विषच आहे, कातडीतनंसुद्धा आत जातं, आणि ही फुलं देवाला जातात, घरात पोरं तोंडात घालतात, म्हणून मी सोडलं. झाडात भिनणारी कीटकनाशकंही ह्याच कारणानं मी घरच्या जास्वंदीला वापरत नाही, फुलात मध प्यायला शिंजीर येतो, सकाळी सात वाजता माझ्या खिडकीत त्याचा दंगा असतो, त्याला विष पाजायचं का. शिवाय त्यातल्या काहींनी लाल कोळी ही बारीक कीड उलट वाढते. कोळीचं लक्षण उन्हाळ्यात बघायचं, पान वरनं बारीक ठिपक्यांनी फिक्कट आणि खाली जाळी. त्याला रोज पानाखाली पाण्याची धार एवढंच पुरतं. पान पिवळ्या-हिरव्या जाळीचं आणि वेडंवाकडं, भेंडीवरच्या केवडा रोगासारखं दिसलं तर तो व्हायरस, त्याला औषध नाही, पांढरी माशी पसरवते, झाड उपटून टाका आणि हळहळू नका. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा.

खताचं वेळापत्रक पाहिजे असेल तर महिनाभर काहीच नको, केशरीला तर अजिबात नको. मग दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत, आणि 15 दिवसांनी एकदा 13:0:45 हे खत एक ग्रॅम लिटरला, ओल्या मातीत. ह्यात स्फुरद शून्य आहे, पालाश (पोटॅश) भरपूर, जास्वंदीला तेच पाहिजे. एप्सम सॉल्ट जुन्या पानांत मॅग्नेशियमचं लक्षण दिसलं तरच, 2 ग्रॅम लिटरला फवारा. सगळे घालतायत म्हणून घालू नका. चहाचा चोथा चालतो पण धुऊन, साखर-दुधासकट घातलात तर मुंग्यांना निमंत्रणच.

गणपतीचं सांगते. जास्वंद नव्या फुटीवरच फुलते, छाटल्यापासनं फुलं यायला साधारण दोन-अडीच महिने जातात, त्यामुळं देशी लाल आत्ता ह्याच आठवड्यात छाटा, वाढीचा तिसरा हिस्सा, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर, आणि दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल तिथं ठेवा. कापलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या सहा-सहा इंचाच्या करून ओल्या वाळूत खोचा, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात, एखादी सासऱ्यांना द्या, माती परत केल्याची भरपाई. लाल देईल तुम्हाला फुलं. गुलाबी कदाचित देईल. केशरीकडनं ह्या वर्षी अपेक्षा ठेवू नका, तिनं कळी धरली तरी खुडून टाका, आधी मुळं होऊ देत.

15 दिवसांनी तिन्हींचे फोटो पाठवा, आणि फोटो काढताना पानाची खालची बाजू दाखवा, वरची सगळेच दाखवतात.